हाजी मितवल्लींच्या नावाची पाटी

दुम्यात हे इजिप्तमधलं सुतारांचं गाव आधी ऐकू येतं, मग दिसतं. सकाळी कारखान्यांची दारं उघडली की करवतींचा आवाज गल्लीगल्लीतून निघतो, एकमेकांत मिसळतो आणि नाईलच्या काठापर्यंत जाऊन पाण्यावर विरतो. त्या आवाजाच्या ऐन मध्यावर सफवत बिदेवींचं ऑफिस होतं. खाली पॉलिशवाला, वर सफवत. त्यामुळे त्यांच्या कागदांना कायम पॉलिशचा वास. करकचेरीतला कारकून फाइल उघडायच्या आधीच नाक वर करून म्हणायचा, "आली सफवतची."

सफवतचा बाप लाकडावर नक्षी कोरायचा. मुलाच्या हातून मात्र साधं पान कोरलं जाईना. बापानं दोन-तीन वर्षं वाट पाहिली आणि एक दिवस त्याचा हात धरून त्याला लबीब जिर्जिस नावाच्या हिशेबनिसाकडे नेऊन बसवलं. "याच्याकडून लाकूड वाया जातं. कागद स्वस्त आहे," एवढंच तो म्हणाला. लबीबनी पोराला धंदा शिकवला, पुढे खुर्ची दिली आणि एका हिवाळ्यात शांतपणे जग सोडलं. दाराबाहेरच्या पितळी पाटीवर मात्र अजून त्यांचंच नाव होतं. सफवत दर गुरुवारी ती पाटी लिंबानं घासायचे.

या गावात करसल्ला देणं म्हणजे जुन्या सवयींशी रोजचं भांडण. पूर्वी करकचेरीचा माणूस कारखान्यात यायचा, बाकडी मोजायचा, कारागिरांचे चेहरे बघायचा आणि अंदाजानं नफा ठरवायचा. तो दुप्पट करणार हे ठाऊक असल्यामुळे लोक निम्मा सांगायचे, आणि लोक निम्मा सांगणार हे ठाऊक असल्यामुळे तो दुप्पट करायचा. दोन्हीकडचे हसत चहा प्यायचे. मग कायदा बदलला. तुमचं तुम्ही लिहा, आम्ही खरं मानू, पडताळणी मागाहून. कायदा बदलला, पण माणसांची जीभ निम्मं सांगायलाच वळलेली. मार्च उजाडला की जिन्यावर रांग लागायची.

"उस्ताज, यंदा तोटाच लिहा," एखादा खुर्चीवाला म्हणायचा. सफवतना गाव मानानं उस्ताजच म्हणायचं.

"गेल्या वर्षी तोटा, त्याच्या आदल्या वर्षीही तोटा. आणि पोरीचं लग्न समुद्रावरच्या हॉलमध्ये! अरे, तोट्यात एवढी बरकत असेल तर मलाही घे भागीदार."

दुसरा म्हणायचा, "वर्षभर काम नव्हतं, म्हणून विवरण भरलंच नाही."

"काम नव्हतं हेच लिहायचं असतं, बाबा. कचेरीला रिकामा कागद चालतो. न आलेला कागद चालत नाही. न आलेल्या कागदावर ती मनाला येईल तो आकडा लिहिते."

कर कमी करा, असं म्हणणारे गावात पुष्कळ होते. सफवतचं म्हणणं वेगळं होतं. वाणिज्य मंडळाच्या बैठकीत ते दर वर्षी उठून उभे राहायचे आणि तेच बोलायचे. "कर किती घ्यायचा ते तुम्ही ठरवा. पण ज्याला तो भरायचाय त्याला कळेल असा घ्या. आरोग्यकचेरी आणि करकचेरी एका गल्लीत आहेत. मधे एक भज्यांची गाडी. माणूस मेला की इकडच्या कचेरीत नोंद होते, आणि तिकडच्या कचेरीत तो वर्षानुवर्षं नफा कमावत असतो. भजीवाल्याला विचारलंत तरी तो सांगेल कोण गेलं ते." लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे आणि पुढच्या विषयाकडे वळायचे.

हे बोलणं एक दिवस त्यांच्याच जिन्यावरून वर चढून येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

वर आला तो ताहा. हाजी मितवल्लींचा एकुलता मुलगा. अंगावर भुसा, तोंडाचा रंग उडालेला.

"उस्ताज, करवतीच्या यंत्राला मोहोर लावून गेले. म्हणे जप्ती. महिन्याभरात पैसे भरा, नाहीतर लिलाव."

"तुझा कर तर मीच भरलाय. पावती आहे."

"माझा नाही. बाबांचा."

सफवतनी चष्मा काढला. हाजी मितवल्ली वारले तेव्हा ते स्वतः सांत्वनाला जाऊन बसले होते, मंडपात कडू कॉफी प्याले होते. त्याला सात वर्षं होऊन गेली होती. "हाजी गेल्याचं करकचेरीत कुणी कळवलं?"

"कळवायचं असतं?" ताहा म्हणाला.

ताहा त्यांच्याकडे येऊ लागला होता दोनच वर्षांपूर्वी. यंत्राच्या कर्जासाठी करकार्ड लागलं तेव्हा ते कर्जवाल्यांच्याच माणसानं काढून दिलं होतं, नवी फाइल, नवा नंबर, मागच्या वर्षांचा करही त्याच नंबरावर भरून. बापाच्या फाइलचं काय झालं, ते कुणी पाहिलं नाही. सफवतनी गृहीत धरलं होतं की ती बंद असणार. ते तसेच उठले आणि ताहाबरोबर कारखान्याकडे निघाले.

कारखान्याच्या दारावर बीचच्या लाकडाची रुंद पाटी होती. गुलाबांच्या वेलीत कोरलेली अक्षरं, त्यांवर सोनेरी रंग: 'हाजी मितवल्ली आणि मुलगे'. रंग ताजा होता. आत यंत्रावर मोहोर, आणि कारागीर हातकरवतीनं काम रेटत होते. वरच्या मजल्यावर हाजींच्या पत्नी राहायच्या, इन्साफ. सत्तरीच्या, ताठ, काळ्या शालीतल्या. त्यांनी पांढरं चीज आणि गरम पोळ्या पुढे ठेवल्या. आधी खा, मग बोला.

"ताहाच्या आई," सफवत म्हणाले, "कचेरीतनं हाजींच्या नावानं पत्रं यायची का?"

"यायची. पोस्टमन खालून हाक मारतो, 'हाजी मितवल्ली!' सगळी गल्ली ऐकते. मी खाली जाते, सही करते, घेते."

"सही कुणाची?"

"ज्याचं पत्र त्याची."

"आणि उघडून बघत नव्हतात?"

"ते असताना त्यांचं पत्र मी कधी उघडलं नाही. आता उघडू होय?"

सफवतनी पोळीचा तुकडा ताटलीत ठेवला. ताहा खिडकीबाहेर बघत राहिला.

"नीट ऐका," सफवत हळू म्हणाले. "कचेरीच्या लेखी हाजी धंदा करतात. नोटिसा घेतात आणि गप्प बसतात. गप्प बसणाऱ्याचा नफा कचेरी दर वर्षी वाढवत नेते. तक्रारीची मुदत असते, तीही निघून गेली, कारण सही झालेली. तिकडे ताहा त्याच कारखान्याचा कर आपल्या नावानं भरतोय. एका कारखान्याचा कर दोनदा, आणि त्यातला एक भरणारा कबरीत."

"आमचे हाजी उधारी ठेवणारे नव्हते."

"म्हणूनच सांगतो. वारलेल्या माणसाच्या नावे काढलेली नोटीस कायद्यापुढे टिकत नाही. ही एकच वाट आहे. पण ते वारले हे तुम्ही करकचेरीच्या समितीपुढे सांगायला हवं. सह्या तुम्ही केल्या, हेही सांगायला हवं. आणि ही पाटी..."

"पाटीला हात लावायचा नाही." इन्साफ उठून उभ्या राहिल्या. "पहिली अक्षरं त्यांनी स्वतः कोरलीत. 'आणि मुलगे' हे ताहा जन्मला त्या दिवशी कोरलंय. मुलगा एकच झाला, तरी कोरलं ते कोरलं."

"आई, यंत्र जाईल," ताहा म्हणाला.

"यंत्र आलं परवा. आधी काय दातांनी लाकूड कापत होते?" मग त्या सफवतकडे वळल्या. "आणि तुमच्या दारावर कुणाचं नाव आहे हो, उस्ताज?"

सफवतनी चष्मा पुसला. "ते पितळेचं आहे."

"मग आमचं लाकडाचं म्हणून उतरवायचं का?"

ताहाला हसू आलं, ते त्यानं गिळलं. सफवतना काही राग आला नाही. म्हातारीनं बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवलं होतं. "माझी फाइल माझ्या नावावर आहे," ते म्हणाले. "नाव दारावर राहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. फाइलीत राहिलं तर यंत्र जातं."

"मग फाइलीतलं काढा!"

"काढतो. पण फाइलवाले आधी दार बघायला येतात, ताहाच्या आई."

इन्साफ स्वयंपाकघरात गेल्या. निघताना त्यांनी चिजाचा डबा भरून दिला. यावरून सफवतनी ओळखलं की त्या येतील.

समिती बसली ती करकचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर. एक अध्यक्षबाई, एक तपासणी अधिकारी, एक लिहिणारा कारकून. सफवतनी मृत्यूचा दाखला पुढे ठेवला, ताहाच्या पावत्या ठेवल्या, मुद्दा मांडला आणि बसले. अधिकाऱ्यानं उत्तरादाखल पाटीचा फोटो ठेवला.

"दाखला मी बघितला," तो म्हणाला. "पण कारखाना हाजींच्या नावानं चालतो. नोटिसा हाजींच्या सहीनं घेतल्या जातात. पाटीचा रंगसुद्धा ताजा आहे. वारलेल्या माणसाची पाटी कोण रंगवतं?"

"मी," इन्साफ म्हणाल्या. "दर ईदेला."

"मग आम्ही काय समजायचं, हाजा?" अधिकारी म्हणाला. वयस्क बाईला गावात मानानं हाजाच म्हणत. "उद्या कुणीही उठेल, थकबाकी आली की बापाला मारेल आणि सोडवून घेईल."

सफवतना त्याचा राग येईना. गावानं कचेरीला एवढी वर्षं निम्मं सांगितलं होतं, आता पूर्ण सांगितलं तरी तिनं निम्मंच ऐकावं, हे ओघानं आलंच.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "हाजा, मला एवढंच सांगा. हाजी मितवल्ली कुठे आहेत?"

सफवतनी मान खाली घातली. अशा वेळी सल्लागारानं तोंड उघडायचं नसतं, हे लबीबनी त्यांना शिकवलं होतं. जे उत्तर ज्याचं, ते त्याच्याच तोंडून यायला हवं, नाहीतर कागदावर त्याला वजन येत नाही. पण शेजारी बसलेल्या म्हातारीचे हात त्यांना दिसत होते. शालीचं टोक बोटांभोवती गुंडाळलं जात होतं, सुटत होतं, परत गुंडाळलं जात होतं.

"बाई," इन्साफ म्हणाल्या, "सात वर्षं झाली, मी त्यांच्या चहात साखर घातली नाही."

कारकुनानं पेन थांबवलं आणि अध्यक्षबाईंकडे बघितलं.

"मला समजलं, हाजा," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "पण कागदाला असं समजत नाही. त्याला सरळ शब्द लागतो."

इन्साफनी मुलाकडे पाहिलं. मग त्या फोटोकडे पाहिलं, सोनेरी अक्षरांकडे.

"वारले," त्या म्हणाल्या.

घरात हा शब्द त्यांनी कुणाला उच्चारू दिला नव्हता. ताहानं डोळे पुसले, भुसा गेल्यासारखं करून. आणि एकदा बांध फुटल्यावर त्या थांबल्याही नाहीत. "लिही, पोरा. वारले. सह्या मी केल्या. पोस्टमन गल्लीत उभा राहून त्यांच्या नावानं हाक मारायचा. हाकेला कुणी ओ दिली नाही, तर गल्लीला कळलं असतं ना की घरात कुणी नाही? म्हणून मी ओ देत होते. दंड करायचा तर मला करा."

तपासणी अधिकाऱ्यानं फोटो परत फाइलीत सरकवला. मग हळूच, सरकारी नसलेल्या आवाजात म्हणाला, "माझ्या लग्नाचा पलंग हाजींनीच केलाय."

"ठाऊक आहे," इन्साफ म्हणाल्या. "भाव करून करून डोकं खाल्लं होतंस त्यांचं."

निकाल आला तो सरसकट गोड नव्हता. हाजी गेल्यानंतरच्या वर्षांची आकारणी रद्द झाली. मात्र ते गेले त्या वर्षाचा त्यांच्या हयातीतला कर राहिला, आणि वेळेत कळवलं नाही म्हणून दंड बसला. ताहानं घासाघीस करायचं म्हटलं, तर सफवतनी त्याला दटावलं. "हा खरा आहे. खरा असेल तो मुकाट भरायचा. तेवढ्यासाठीच खोट्याशी भांडायला तोंड राहतं." ताहानं ठेवणीतले अक्रोडाचे ओंडके विकले आणि हप्ते बांधून घेतले. यंत्रावरची मोहोर निघाली.

एक अट मात्र होती. पाटी बदला, किंवा धंदा कुणाचा आहे ते तिच्यावर स्पष्ट लिहा. सफवत ती अट घेऊन स्वतः वरच्या मजल्यावर गेले.

"दोन शब्द आहेत," ते म्हणाले. "'मरहूम', म्हणजे दिवंगत, असं लिहिता येईल, किंवा 'वारस'. कायद्याला दोन्ही चालतात."

इन्साफनी चहा ढवळला. "मरहूम त्यांच्याविषयी बोलतो," त्या म्हणाल्या. "त्यांच्याविषयी काय बोलायचं ते मी बघेन. वारस आमच्याविषयी आहे. ते लिहा."

ताहानं बीचच्या लाकडाची नवी पट्टी घेतली, तिच्यावर तसाच गुलाबाचा वेल उतरवला आणि जुन्या पाटीच्या वर ती ठोकली. जुनीला खिळासुद्धा लागू दिला नाही. 'वारस', आणि खाली 'हाजी मितवल्ली आणि मुलगे'. रंग इन्साफनी दिला, ईदेची वाट न बघता.

फाइल बंद झाल्याचं पत्र पोहोचायचं होतं त्या सकाळी सफवत मुद्दाम त्या गल्लीत जाऊन उभे राहिले. पोस्टमननं सायकल टेकवली, पाकीट वाचलं, वर बघितलं आणि सवयीनं तोंड उघडून परत मिटलं. मग नव्यानं श्वास घेऊन हाक मारली, "मितवल्लींचे वारस!"

करवत थांबली. गल्लीनं ऐकलं. वरच्या खिडकीत कुणी आलं नाही, आणि सफवतना वाटलं, आज म्हातारी खाली उतरणार नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली, सावकाश. इन्साफनी पेन घेतलं, पोस्टमननं दाखवलेल्या जागी आपलं स्वतःचं नाव लिहिलं, आणि तिथेच उंबरठ्यावर उभं राहून पाकीट फाडलं.

"वाचा, उस्ताज," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा."