साहेबांचा माईक कुणी बंद केला

आमच्या सभागृहात शेवटच्या रांगेमागे, पाण्याच्या कूलरला खेटून एक टेबल आहे. टेबलावर बटणांनी भरलेलं यंत्र आणि यंत्रामागे एक माणूस. इतकी वर्षं इथे येऊनही आम्हा श्रोत्यांपैकी फार कमी जणांनी त्या माणसाचा चेहरा नीट पाहिला असेल. त्यात त्याचा अपमान नाही. सभा चांगली चालली की कुणी मागे वळून बघत नाही, आणि सभा चांगली चालवणं हेच त्याचं काम. कार्यक्रमाआधी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत तो "हॅलो, हॅलो" म्हणतो, म्हणून त्याचं नाव हॅलोभाई पडलं.

हॅलोभाईंना भाषणांबद्दल मत नव्हतं. आवाजांबद्दल होतं. "कवी माईक खातात, पुढारी माईक बडवतात आणि प्राध्यापक माईक विसरतात," असं त्यांचं निरीक्षण होतं. एकदा एका मोठ्या आध्यात्मिक वक्त्याच्या व्याख्यानानंतर सगळं सभागृह डोळे पुसत होतं, तेव्हा हॅलोभाई शेजारच्याला एवढंच म्हणाले, "घसा बसलाय त्यांचा. डॉक्टरला दाखवायला सांगा."

तरुणपणी ते दुसऱ्या देशातून इथे आले. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम शिकले, लग्न इथेच केलं, मुलगी इथलीच. आई मात्र तिकडे थोरल्या भावाजवळ राहिली. गेल्या वर्षी भाऊ गेला आणि आई तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटी उरली. गुडघे कामातून गेलेले. तळमजल्यावरची एक शेजारीण भाजी-दूध वर आणून द्यायची. हॅलोभाईंनी आईला इकडे आणायचं ठरवलं, आणि नेमका त्याच सुमारास सरकारचा नवा नियम आला. काही देशांतल्या मुसलमानांना प्रवेश तूर्तास बंद. त्याच देशांतल्या बाकीच्या धर्मांच्या लोकांनी यायला हरकत नव्हती. सरकारी भाषेत "तूर्तास" म्हणजे किती, हे विचारायला हॅलोभाई तीन खिडक्यांवर जाऊन आले. तिन्ही ठिकाणी त्यांना चौथी खिडकी दाखवण्यात आली.

एक फट होती. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी अपवाद करता येत होता, पण त्यासाठी इथल्या कुणी वजनदार माणसाने वरपर्यंत शब्द टाकायला हवा. आमच्या भागाचे लोकप्रतिनिधी सभागृहात नेहमी पहिल्या रांगेत बसतात आणि त्यांचा आवाज हॅलोभाईंमुळेच भारदस्त वाटतो, हे त्यांना ठाऊक होतं. हॅलोभाईंनी गाठून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्यात काय! माणूस विश्वासाचा आहे, एवढंच सांगायचंय ना मला? तेवढा वादविवादाचा कार्यक्रम होऊन जाऊ दे. दुसऱ्या दिवशी फोन टाकतो."

वादविवादाचा विषय होता, "धर्म पाहून प्रवेश नाकारणे योग्य की अयोग्य?" विरोधात बोलणार होते प्राध्यापक. बाजूने बोलणार होते साहेब, म्हणजे बंदरावरच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले बडे अधिकारी. संध्याकाळी दोघंही लवकर आले. साहेब थेट मागे टेबलापाशी गेले आणि त्यांनी हॅलोभाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय हॅलोभाई, मनाला लावून घेऊ नका हं. मी तुमच्याबद्दल नाही बोलणार."

"मग कोणाबद्दल, साहेब?"

"हे... नवीन येणारे."

"माझी आई येणार आहे."

"छे छे, आई वेगळी! आईबद्दल कोण बोलतंय?" साहेब खरोखरच दुखावले. ते मनाने वाईट नाहीत. ओळखीच्या प्रत्येक मुसलमानाला त्यांनी आपल्या मतातून वगळलेलं आहे. त्यांचं मत फक्त अनोळखी लोकांसाठी आहे.

पाठोपाठ प्राध्यापक आले. "आज मी तुमच्यासाठी बोलतोय," ते गहिवरून म्हणाले.

"हो सर. फक्त माईकमध्ये बोला."

बिनवायरचे माईक दुरुस्तीला गेले होते, म्हणून व्यासपीठावर दोन उंच टेबलं आणि दोन वायरींचे माईक. हॅलोभाईंनी दोन्ही वायरी काळ्या चिकटपट्टीने जमिनीला नीट चिकटवल्या होत्या. सभागृह समितीच्या अध्यक्षबाईंनी त्या पट्ट्या काढायला लावल्या. नव्या गालिच्यावर काळे पट्टे फोटोत वाईट दिसतात.

"बाई, कुणाचा तरी पाय अडकेल."

"अहो, लहान मुलं आहेत का ती? राहू दे आता."

प्राध्यापक आधी बोलले. त्यांचं भाषण चांगलं होतं असं मी ऐकलं आहे. ऐकलं आहे म्हणतो, कारण त्या दिवशी ते कुणालाच ऐकू आलं नाही. वर्गात येरझाऱ्या घालत शिकवण्याची त्यांची जुनी सवय. पहिलं वाक्य माईकमध्ये, दुसरं पडद्याशी, तिसरं फुलदाणीपाशी. "न्याय" ऐकू आलं, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम "म्हणूनच!" लोक "आवाज! आवाज!" ओरडायला लागले. हॅलोभाईंनी आवाज वाढवला तसा माईक किंचाळला. कमी केला तसे प्राध्यापक पुन्हा गायब झाले. आयुष्यात पहिल्यांदाच ज्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू जावं असं हॅलोभाईंना मनापासून वाटत होतं, तो माणूस माईक सोडून सगळीकडे हिंडत होता. शेवटच्या मुद्द्याला तर ते साहेबांच्या टेबलामागून फिरून आले, तिथे त्यांचा पाय वायरीत अडकला, ते जरासे अडखळले, आणि "मित्रहो" म्हणून खाली बसले.

मग साहेब उठले. काय आवाज होता! हॅलोभाईंनी दोन बटणं हलकेच सारखी केली आणि तो आवाज आणखी गोल झाला. आईला दाराबाहेर ठेवणारी वाक्यं ते स्वतःच्या हाताने गुळगुळीत करून सगळ्या रांगांपर्यंत पोचवत होते. काम म्हणजे काम. साहेब रंगात आले. एक हात छातीवर ठेवून म्हणाले, "मी कुणाच्याही धर्माच्या विरुद्ध नाही. पण..."

आणि माईक गेला.

"पण"च्या पुढे साहेबांचे ओठ हलताना दिसत होते. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणीतरी टाळी वाजवली. आणि मग रांगांमागून रांगा वळल्या आणि अख्ख्या सभागृहाने शेवटच्या टेबलामागच्या माणसाकडे पाहिलं.

हॅलोभाईंच्या लक्षात आलं की यंत्र ठीक आहे, घोटाळा पुढे आहे. ते मधल्या वाटेने व्यासपीठाकडे धावत सुटले.

"यानेच केलं! बघा, पळतोय!" कुणीतरी ओरडलं. ते पळत होते व्यासपीठाच्या दिशेने, पण रागावलेल्या माणसाला दिशा दिसत नाही.

"बरं केलं!" दुसरीकडून आवाज आला.

साहेबांनी परिस्थिती ओळखली. त्यांना माईकची गरज अशी नव्हतीच. "बघा!" ते कडाडले, "आमचा आवाज कोण बंद करतं, ते तुमच्या डोळ्यांनी बघा!" सभागृह उठून उभं राहिलं. तोवर हॅलोभाई गुडघ्यांवर बसून टेबलाखालची वायर चाचपत होते. पिन अर्धी बाहेर आली होती. ती दाबून बसवली, उठले, आणि चालू झालेल्या माईकमध्ये म्हणाले, "पिन निघाली होती." लोक इतके हसले की हसण्याने पुन्हा माईक किंचाळला.

हात वर करून मत घेतलं. प्रवेशबंदी योग्य, असं मोठ्या बहुमताने ठरलं. जाताना निम्म्या लोकांनी हॅलोभाईंकडे रागाने पाहिलं. उरलेल्यांतल्या काहींनी हळूच त्यांचा हात दाबला. "शाब्बास. हिंमत लागते," एक गृहस्थ कुजबुजले. "पिन निघाली होती," हॅलोभाई म्हणाले. "कळलं, कळलं," गृहस्थांनी डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी लोकप्रतिनिधींचा फोन कुठेच गेला नाही. तिसऱ्या दिवशी हॅलोभाई त्यांच्या कार्यालयात जाऊन बाकावर बसले. दुपारी आत बोलावणं आलं.

"अहो, मी कुठल्या तोंडाने सांगू, माणूस विश्वासाचा आहे म्हणून? सगळ्यांनी पाहिलं."

"काय पाहिलं? वायर सैल झाली होती."

"झाली असेल हो. मी कुठे नाही म्हणतोय? पण वायर कुणाला दिसली नाही. तुम्ही दिसलात."

"कुणीतरी खात्री दिली तर?"

"कुणी प्रतिष्ठित माणसाने दिली, तर बघू."

प्रतिष्ठित माणूस डोळ्यांसमोर होता, आणि पायही त्याचाच होता. हॅलोभाई प्राध्यापकांच्या घरी गेले. प्राध्यापकांनी त्यांना मिठी मारली, खुर्ची दिली, आणि हातात सकाळचं वर्तमानपत्र दिलं. त्यात त्यांचा लेख होता. एका साध्या तंत्रज्ञाने द्वेषाचा आवाज शांतपणे कसा थांबवला, यावर.

"सर, मी थांबवला नाही. तुम्ही येरझाऱ्या घालताना तुमचा पाय अडकला, त्याने पिन निघाली. एवढं फक्त त्यांना फोनवर सांगा."

"माझा पाय?" प्राध्यापकांनी खाली पाहिलं, जणू पाय त्यांना नुकतेच कुणी आणून दिले होते. "म्हणजे सगळं माझ्यामुळे झालं म्हणता?"

"पट्टी काढली होती. तुमची चूक नाही."

"हे बघा," प्राध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, "दडपण येतं, मला कळतं. पण आता असं काही सांगितलं तर तुमच्या कृतीचं मोलच जाईल."

"कृती नव्हती, सर."

"ही नम्रता आहे तुमची. घाबरू नका. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

"पाठीशी नको, सर. जरा पुढे उभे राहा ना."

प्राध्यापक हसले. हे वाक्य त्यांना आवडलं. पुढच्या लेखात ते आलं, मात्र फोन केला गेला नाही. पायाबद्दल बोलणं बहुधा त्यांच्या विषयात बसत नव्हतं.

मग अध्यक्षबाई. त्यांना पट्टीचं आठवत होतं, आणि आठवत होतं म्हणूनच त्या अस्वस्थ होत्या. "पट्टीचं आता कशाला काढता? गालिचा समितीने ठरवलेला आहे. आणि हो, काही दिवस तुम्ही फुलांची प्रदर्शनं आणि गाण्याचे वर्ग सांभाळा. सभांना दुसरा माणूस बघू. तुमच्याच भल्यासाठी म्हणतेय."

"फुलांना माईक लागत नाही, बाई."

"तेच तर. कटकट नाही."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे तिला फार बोलायची सवय नाही. पोळी उलटत ती म्हणाली, "मग खरंच बंद करायचा होता की! निदान शिव्या तरी वसूल झाल्या असत्या."

हॅलोभाई जेवायचे थांबले. "आवाज मी बंद करत नाही," ते म्हणाले. "कुणाचाच नाही. तेवढंच येतं मला."

"ते मला माहीत आहे. लोकांना वाटतं तुम्हाला दुसरंच काहीतरी येतं."

लोकांची समजूत घालण्याचा नाद त्यांनी आणखी काही आठवडे केला. साहेबांना भेटले. साहेबांनी मोठ्या मनाने माफ केलं. "गरम डोकं असतं तुमच्या लोकांचं, मी समजू शकतो." माफी नकोय, पिन बघा, असं म्हणत हॅलोभाईंनी खिशातून तशीच एक पिन काढून दाखवली. साहेबांनी ती उलटसुलट पाहिली आणि इतक्या वर्षांच्या तपासणीच्या अनुभवातून म्हणाले, "ही काय, कुणीही सैल करू शकतो." पुढच्या सभांमध्ये हा किस्सा साहेबांच्या भाषणात पक्का झाला. त्यात हॅलोभाई चांगले होते, कारण साहेबांनी त्यांना माफ केलं होतं. बाकीचे मात्र तसेच होते.

आईच्या अर्जाचं उत्तर आलं. अपवाद करण्यासारखं काही आढळलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी आईला फोन लावला. तिच्यापर्यंत प्राध्यापकांचा लेख कुणीतरी पोचवला होता, आणि शेजारणीने तो वाचून दाखवला होता.

"खरंच बंद केलास का रे तू?" आईने विचारलं.

"नाही, अम्मी. वायरीत पाय अडकून पिन निघाली होती."

"मग ती तुझी पट्टी नव्हती लावली?"

"लावली होती. काढायला लावली."

"मग पुन्हा लावायची! तुझ्या अब्बांनी तरी काय शिकवलं तुला? काम अर्धवट सोडलंस आणि वर सगळ्यांशी भांडत हिंडतोयस."

हॅलोभाई भिंतीला टेकले. इतक्या दिवसांत बायको सोडली तर एकट्या आईनेच त्यांच्यावर विश्वास ठेवला होता, आणि तीही चिडली होती.

"अम्मी, मी परत अर्ज करतो. दुसरा कुणीतरी बघतो. तू फक्त..."

"तू ये म्हणतोस, ते नको म्हणतात, आणि मधल्या मध्ये मी जिने चढतेय. बास झालं. मी खालच्या बाईकडे राहायला चाललेय. आजच. तिने पुढची खोली रिकामी केलीय."

"आजच? अगं, मला विचारायचंस तरी."

"विचारून काय केलं असतंस?"

मग फोन शेजारणीने घेतला. बाई प्रेमळ होती, जोरात बोलायची. "तुम्ही अजिबात काळजी करू नका, भाई. माझ्या आईसारख्याच आहेत त्या. पण मी म्हणते, तिथे तुम्हा लोकांना एवढा त्रास आहे, तर तुम्हीच परत का येत नाही?"

हॅलोभाईंनी तोंड उघडलं. पलीकडच्या खोलीत मुलगी मोठ्याने पाठ करत होती, या देशाच्या नद्या. इथे घर आहे, बायकोची नोकरी आहे, मी इथला आहे, हेच सगळे मला विचारतात, आता तुम्हीही, असं काहीतरी त्यांना सांगायचं होतं आणि ते एका वाक्यात मावत नव्हतं.

"बाई, त्याचं असं आहे..." त्यांनी सुरुवात केली.

पण तोवर फोन पुन्हा आईच्या हातात गेला होता, आणि मागे कुणीतरी ओरडत होतं.

"नंतर बोल," आई म्हणाली. "कपाट जिन्यात अडकलंय."