धोब्याच्या पायातलं कडं

पावसाळा सरत आला की भाजे गावच्या ओढ्यावर करडे धोबी येतात. मुठीत मावेल एवढं पाखरू, हिमालयाकडून डोंगरामागून डोंगर ओलांडत येतं आणि शेपटी खालीवर करत दगडांवर किडे टिपत फिरतं. गेली चार वर्षं मी त्यांना बारीक जाळीत धरून पायात ॲल्युमिनियमचं कडं घालतोय. कड्यावर आकडा असतो, तो वहीत लिहायचा. पुढच्या वर्षी त्याच ओढ्यावर तोच आकडा सापडला, तर पाखरू जाऊन पुन्हा आपल्याच जागी आलं हे सिद्ध होतं. माझ्या ओढ्यावर यंदापर्यंत एकही सापडला नव्हता.

सुरुवातीला आम्ही चौघं होतो. एकाची बदली झाली, एकाचे गुडघे गेले आणि तिसऱ्याला हे रिकामटेकड्यांचं काम वाटायला लागलं. मी निवृत्त, लोणावळ्यात एकटाच राहतो. खरं सांगायचं तर कुणीतरी परत यावं, ही गरज पक्षीशास्त्राची कमी आणि माझीच जास्त होती. यंदा एकही कडं सापडलं नाही, तर जाळी, पक्कड, वही सगळं पुण्याच्या पक्षीमित्र मंडळींच्या हवाली करायचं ठरवलं होतं.

आणि यंदा एका धोब्याच्या उजव्या पायात काहीतरी चमकलं. दुर्बिणीतून आकडा वाचता येईना. तीन दिवस पहाटेपासून जाळी लावून बसलो, पण पठ्ठ्या दरवेळी बरोब्बर जाळीवरून उडून जायचा. चौथ्या दिवशी बघतो तर ओढ्यावर बायकांची ही गर्दी. घट बसायच्या आधी घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची असतात, हे माझ्या लक्षातच नव्हतं. एकट्याच्या घरात कसले सण आणि कसलं काय. जाळी गुंडाळली आणि चरफडत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तेव्हा ओढ्यालगत राहणाऱ्या मावशी गोधड्या वाळत घालत होत्या. मला पाहून त्यांनी कनवटीची गाठ सोडली आणि कडं माझ्या हातावर ठेवलं.

"भाऊ, ह्ये तुमचं न्हवं? पाखराच्या पायात व्हतं. काल काढलं म्या."

माझं टाळकंच सरकलं. "कुणी सांगितलं होतं नसता उपद्व्याप करायला? चार वर्षं मी इथे झक मारायला येतो का?" मावशी हातातली ओली गोधडी पिळत राहिल्या. थोरल्या बहिणीच्या वयाच्या बाईला असं बोललो, याची अजून लाज वाटते.

चष्मा लावून आकडा वाचला, वही उघडली. गेल्या वर्षीची नोंद, माझंच अक्षर. आला होता तो. आणि हे सांगायला बरोबरचं कुणी नव्हतं. मग कडं नीट बघितलं, तर त्याच्या सांध्यात निळ्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला.

"गोधडीचा दोरा हाय त्यो," मावशी म्हणाल्या. "गोधडी दगडावर टाकलीती, तितं अडकलं. उलटं पडून फडफडत व्हतं बिचारं. दोरा निघंना, मंग कडंच उघडलं नखानं."

नखानं. नीट मिटलेलं कडं पकडीशिवाय हलत नाही. मिटल्यावर सांध्यावरून नख फिरवायचं, अडलं तर पुन्हा दाबायचं, ही या कामाची बाराखडी. आम्ही बरोबर असायचो तेव्हा एक जण कडं घालायचा आणि दुसरा तपासायचा. गेल्या वर्षी दुसरा कुणी नव्हता आणि मी घाईत होतो. सांध्यात राहिलेली ती फट माझ्याच हातची होती.

"चूक माझी आहे, मावशी. तुम्हाला उगाच बोललो."

"ऱ्हाऊ द्या. चा घ्या."

पायरीवर बसून चहा घेत होतो, तेवढ्यात समोरच्या दगडावर एक धोबी उतरला. पाय मोकळे. असे ओढ्यावर रोज पाच-सहा दिसतात. "आता तो कुठला ओळखू यायला," मी म्हणालो.

मावशींनी ओढ्याकडे पाहिलं.

"त्येच हाय की. उजव्या पायानं लंगडतंय, बगा."