पाचवी भाकरी

आमच्या दाजींनी एकट्यानं स्टेजवर जेवढी माणसं उभी केली तेवढी आमच्या गावच्या जत्रेलासुद्धा जमत नाहीत, असं मी म्हटलं तर त्यात फारसं खोटं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. पलटणीत हवालदार होते. एकाहत्तरच्या लढाईत डावा पाय अधू झाला आणि ते कायमचे गावी आले. कराडपासून दोन कोसांवर आमचं गाव, वन्संना गावातच दिलेलं, त्यामुळे दाजींचं सगळं वेड आम्ही जवळून पाहिलं. पेन्शनीत आलेली माणसं पारावर बसून लढाईच्या गोष्टी सांगतात. दाजींनी लढाईचं चकार शब्दानं सांगितलं नाही. ते म्हणाले, मी नाटक करणार. नवं करणार, माझं मी लिहिणार.

सुरुवातीला त्यांनी रीतसर नऊ माणसं गोळा केली होती. पण तालमीला राजा यायचा तर प्रधान उसाच्या पाण्याच्या पाळीवर गेलेला, प्रधान यायचा तर सेनापतीची म्हैस व्यायलेली. महिनाभर हे चाललं. एके दिवशी दाजी सगळ्यांची कामं एकट्यानं म्हणून दाखवायला उभे राहिले, आणि उरलेले दोघे जे बघत बसले ते शेवटपर्यंत हलले नाहीत. तेव्हापासून दाजी एकटेच. सामान म्हणाल तर एक घोंगडं. माणदेशातल्या एका धनगराकडून घेतलेलं, काळं, जाडंभरडं. ते खांद्यावर टाकलं की पाटील, डोक्यावर घेतलं की सासुरवाशीण, कमरेला गुंडाळलं की वाण्याचं पोट, जमिनीवर टाकलं की मढं. मी स्वतः डोळ्यांनी बघायची, की हे आपले दाजी आहेत, हे घोंगडं आहे; तरी ते मढं म्हणून पडलं की अंगावर काटा यायचा.

तालीम ते उसाला पाणी पाजताना करायचे. एकदा सासू, सून आणि शेजारीण अशा तीन आवाजांत भांडण चाललेलं ऐकून रानातली माणसं सोडवायला धावत आली, तर आत दाजी एकटे, हातात खोरं. तेवढ्यात पाणी फुटून शेजारच्या भुईमुगात गेलं. त्या रानाचा मालक शिव्या देत आला आणि बांधावर उकिडवा बसून विचारू लागला, "मग त्या सुनंचं फुडं काय झालं?" अशा माणसाला शिव्या तरी कशा देणार?

स्टेज मिळेल तसं. शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, कारखान्याची रिकामी गोदामं, साताऱ्यात पेन्शनर शिपायांच्या संघाची खोली. कुठंही गेले की आधी पावलांनी स्टेज मोजायचे आणि कुठली फळी करकरते ते बघून तिला नाटकात काम द्यायचे. एका शाळेत बाकं जोडून स्टेज केलं होतं. बाकं सरकली आणि दाजी कमरेपर्यंत मधल्या फटीत गेले. माणूस घाबरला असता. हे तिथूनच, विहिरीत पडलेल्या माणसासारखे बोलायला लागले आणि उरलेलं सगळं नाटक विहिरीतून केलं. पुढच्या गावातल्या लोकांनी विहीर नाही म्हणून तक्रार केली.

मी यात आले ती माझ्या कोरड्या स्वभावामुळे. आधी वही धरून आडोशाला एक मास्तर बसायचे. पण ते नाटक बघण्यात इतके गुंगायचे की पानं उलटायची विसरायचे, आणि हसायला लागले की दाजी अडले तरी त्यांना सांगता यायचं नाही. मी चौथी शिकलेली, दाजींचं अक्षर मला लागतं आणि मला हसू लवकर येत नाही. दाजी म्हणाले, "वैनी, तुमी हसत न्हाई, मला हेच पायजे." सहा वर्षं मी ती वही धरली.

पण दाजींचा खरा नियम वेगळाच होता. ज्या माणसाचं सोंग घ्यायचं त्याच्या दारात आधी जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याला त्याचं सोंग करून दाखवायचं, आणि तो हो म्हणाला तरच ते स्टेजवर न्यायचं. याला ते दारातला प्रयोग म्हणत. पोलीसपाटलाच्या दारात त्यांनी पाटलाचा खोकला करून दाखवला. पाटील म्हणाले, "मी एवढा कवा खोकतो?" आणि एवढं म्हणायला त्यांना तीनदा खोकावं लागलं. शेवटी स्वतःच हसले आणि करा म्हणाले. पुढे पुढे लोकच बोलवायला लागले, माझं सोंग का घेत नाही म्हणून रुसायला लागले. घोंगडंवाल्या धनगराचं काम करायचं होतं तेव्हा दाजी दोन एसट्या बदलून आणि पुढं चालत त्याच्या वाड्यावर गेले. त्याचं केलं, त्याच्या कुत्र्याचंही केलं. धनगर खूश झाला, पण कुत्रं गुरगुरलं. दाजींनी नाटकातून कुत्रं काढून टाकलं. म्हणाले, "त्याला पटलं न्हाई." मी पुष्कळ माणसं बघितली, पण एवढा न्याय कोणी पाळलेला बघितला नाही.

आणि एवढा न्यायी माणूस एका दारात जायला विसरला, ते त्याचं स्वतःचं.

नवं नाटक होतं 'तार'. लढाईत नवरा, घरात बायको, आणि एका सकाळी इंग्रजीतली तार येते. गावात कोणाला वाचता येत नाही. दाजी डोक्यावर घोंगड्याचा पदर घेऊन ती तार हातात धरायचे आणि छाती पिटून असे रडायचे, की पहिल्याच प्रयोगाला बायका घरी जाईपर्यंत डोळे पुसत होत्या. वहीत ते रडणं दोन पानं होतं. ही बायको कोण ते मला कळत होतं. वन्संच्या दारात अशीच तार आली होती, दाजी जखमी झाल्याची. आपण हे नाटकात घेतलंय हे दाजींनी त्यांना सांगितलेलं नाही, हेही मला माहीत होतं. मी बोलले नाही. बायकोचं म्हणजे आपलंच, असं दाजींना वाटलं असेल, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

वन्सं कधी प्रयोगाला येत नसत. घरात बघते तेवढं पुरे, म्हणायच्या. पण एका रविवारी कराडच्या वाचनालयात दुपारचा प्रयोग होता आणि त्या भांड्यांना कल्हई करून घ्यायला कराडला आल्या होत्या. एसटीला वेळ होता म्हणून भांड्यांचं पोतं घेऊन मागच्या बाकावर येऊन बसल्या. मला दिसल्या तेव्हा दाजी रडायला लागले होते. सगळीकडे नाकं ओढल्याचा आवाज. तेवढ्यात भांडी खडखडली आणि वन्सं उभ्या राहिल्या.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "मी न्हाई रडले."

सगळे मागे वळले. दाजी गुडघ्यावर, डोक्यावर पदर तसाच. मी वहीत बघितलं, वहीत याला उत्तर नव्हतं. दाजींनी मान वर केली आणि विचारलं, "मग काय केलंस?"

"भाकरी केल्या."

चार-दोन लोक हसले. वन्सं त्यांचं हसून होईपर्यंत थांबल्या.

"तार पिठाच्या डब्याखाली ठेवली. तुमच्या आईला, आप्पास्नी, दोन्ही पोरास्नी जेवू घातलं. मग गेले दुसऱ्या गावच्या मास्तराकडं. आधी वाचली असती आन वंगाळ निघालं असतं, तर घरात चूल पेटली नसती. पोरं उपाशी ऱ्हायली असती." मग पोतं उचलत म्हणाल्या, "त्या धनगराच्या कुत्र्याला इचारलंसा. मला न्हाई इचारलं."

आणि त्या भांडी वाजवत निघून गेल्या. सहा वर्षांत तो एकच प्रयोग दाजींनी अर्धा सोडला. घोंगड्याची घडी घातली, लोकांना हात जोडले, आणि खाली उतरले.

अडचण अशी, की पंधरा दिवसांवर सांगलीचं आमंत्रण होतं, आणि 'तार'चंच. सांगली म्हणजे नाटकाची पारख असलेलं गाव. दोरीनं सरकणारा खरा पडदा असलेल्या स्टेजवर दाजींना आयुष्यात पहिल्यांदा बोलावलं होतं. मी म्हटलं, आता माफी मागा आणि काय ते मिटवा. दाजी म्हणाले, माफीनं परवानगी मिळत नाही. दारात जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच्या घरातून मागच्या दारानं बाहेर पडले, वळसा घालून पुढच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेर घोंगडं घेऊन उभे राहिले. "कोण हाय का घरात?" वन्सं पीठ चाळत होत्या. सगळं पीठ चाळून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "करा."

दाजींनी डब्याखाली तार ठेवली आणि हवेतच भाकरी थापायला बसले. वन्सं म्हणाल्या, "ही भाकरी न्हवं. तुमी लेझीम खेळताय." झालं. त्यांना उद्या या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वळसा, पुन्हा उंबरा. आठ दिवस हे चाललं. पीठ किती मळायचं, पाण्याचा हात कधी लावायचा, भाकरी फिरवताना अंगठा कुठं असतो. ज्या माणसानं पोलीसपाटील एका दिवसात उचलला त्याला आपल्या बायकोचे हात आठ दिवस जमले नाहीत. आम्ही शेजारणी कामं टाकून बघायला जायचो. शेवटी एका सकाळी वन्संनी एकही चूक काढली नाही. म्हणाल्या, "चार करायच्या. चारच माणसं जेवायची हुती. आन रडायचं न्हाई." दाजींनी वहीतली रडण्याची दोन्ही पानं फाडली आणि तिथं एवढंच लिहिलं: भाकरी, ४.

मला धास्ती वाटत होती. ज्या रडण्यावर लोक जीव टाकत होते तेच काढून टाकलं होतं. सांगलीची माणसं तिकडं भाकरी बघायला का बसतील? वन्संना मी ओढून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. हॉल लहानच होता, पण खुर्च्या सगळ्या भरलेल्या.

तार आली. दाजींनी ती उलटसुलट करून बघितली, डब्याखाली सारली आणि बसले. पहिली भाकरी थापली. काही नाही, नुसता तळहातांचा आवाज. दुसरी. कोणीतरी खाकरलं आणि लगेच गप्प झालं. तिसरी थापताना त्यांची नजर एकदा डब्याकडं गेली आणि परत परातीवर आली, तेवढंच. मी आडोशाला वहीवर बोट ठेवून बसले होते. समोर पीठ नाही, तवा नाही, विस्तव नाही, एक लंगडा म्हातारा शिपाई हवेत हात हलवतोय, आणि मला भाकरी भाजल्याचा वास आला. मी खोटं लिहीत नाही. चौथी झाली. आता त्यांनी उठायचं होतं.

ते उठले नाहीत. त्यांनी पुन्हा पीठ घेतलं. मला वाटलं, चुकले. सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण दाजी विसरलेले दिसत नव्हते. त्यांनी सावकाश पाचवी थापली, भाजली, आणि बाकीच्या चार भाकरींपासून वेगळी, बाजूला झाकून ठेवली. मग डब्याखालून तार काढून पदराला बांधली आणि चालू लागले. पडदा पडला. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

परतीच्या एसटीत मी विचारलं, दाजी, पाचवी कुणाची?

"तिची," ते म्हणाले. "चौघांचं सांगितलं तिनं. सवताचं न्हाई सांगितलं. तवा मला कळलं, ही त्या दिवशी उपाशीच मास्तराकडं चालत गेली."

वन्सं खिडकीतून बाहेर उसाची रानं बघत होत्या. ऐकलं की नाही कोण जाणे. इस्लामपूर गेलं, तेव्हा बोलल्या. "पाचवी जरा जाड झाली हुती." आणि दाजींच्या मांडीवरचं घोंगडं ओढून त्यांनी स्वतःच्याही गुडघ्यांवर घेतलं.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या एकाही प्रयोगाचा फोटो नाही. घोंगडं कसर लागून गेलं. वही तेवढी माझ्याकडं आहे. सगळं दाजींचं अक्षर, वाकडं, पलटणीतल्या पेन्सिलीचं. फक्त त्या एका पानावर मी सांगलीहून आल्यावर माझ्या हातानं चारचा आकडा खोडून पाच केला आहे.