दोन बटणांची चाचणी
सिल्वासातल्या स्कॅन सेंटरमध्ये माझं काम सूचना वाचण्याचं होतं. मेंदूच्या अभ्यासाचा एक प्रकल्प पाच शहरांत एकदम चालू होता. मशीनमध्ये झोपलेल्या माणसाला चित्रं दिसायची, त्यानं बटण दाबायचं, आणि तेव्हा मेंदूचा कोणता भाग काम करतो ते टिपलं जायचं. पाचही ठिकाणचं जुळावं म्हणून चित्रं तीच, वेळ तीच आणि माझ्या तोंडची वाक्यंही तीच. कुणाला कळलं नाही तर तोच कागद पुन्हा वाचायचा, तोही एकदाच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचे नियम, असं मी म्हणायचे. पाळायचे मात्र सगळे.

नरोलीच्या कारखान्यातले एक काका आले. अमळनेरकडचे, पन्नाशी उलटलेले, कित्येक वर्षं पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर. मी धुळ्याची, त्यामुळे दोन वाक्यांतच अहिराणी सुरू झाली. हल्ली त्यांना विसरायला होत होतं. खोलीची किल्ली, पुतण्याचं नाव. आम्ही रिपोर्ट देत नाही हे मी वाचून दाखवलं होतं, तरी ते त्यासाठीच आले होते. "मनं डोकं बरं शे का, एवढंच पाहा ताई," ते म्हणाले. डोकं बिघडलं असेल तर प्रेसवर उभं राहता येणार नाही, आणि प्रेसशिवाय दुसरं काम त्यांना येत नव्हतं.

चाचणी सोपी. दोन्ही हातांत एकेक बटण. गोल दिसला की डावं, चौकोन दिसला की उजवं. कागदावर मात्र 'वर्तुळाकृती दर्शविली गेल्यास डाव्या हातातील कळ कार्यान्वित करावी' असं होतं. काका प्रत्येक चित्राला दोन्ही बटणं एकदम दाबत होते. मी पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी, असं शेजारचा टेक्निशियन पुटपुटला, आणि मलाही तसंच वाटलं. अहिराणीत एक वाक्य ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं आणि फॉर्मवर खूण केली: सूचना समजल्या नाहीत.

निघताना त्यांनी अर्ध्या दिवसाच्या सुट्टीसाठी शिक्क्याचा कागद मागितला. शिक्का असलेला तो फॉर्मच तेवढा समोर होता. मी त्याची झेरॉक्स दिली. काय लिहिलंय त्याच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच कारखान्यातला दुसरा माणूस आला, आणि त्यानंही दोन्ही बटणं एकदम दाबली. बाहेर आल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, आमची प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच चालते, एक हात मोकळा राहिला तर तो प्रेसखाली सापडेल. एका हातानं बटण दाबायचं नाही, हे पहिल्याच दिवशी दरडावून सांगतात. जाता जाता म्हणाला, त्या काकांना तुमचा कागद वाचून सुपरवायझरनं प्रेसवरून काढलं.

मी प्रकल्पाच्या मोठ्या साहेबांना फोन केला. दोघांनाही अभ्यासातून वगळा, म्हणाले, आणि बाहेर काही लिहून देऊ नका. सुपरवायझरला फोन केला तर तो म्हणाला, आधी लिहून दिलंत, आता तसंच लिहून द्या की ते चुकीचं होतं. मी लिहून दिलं नाही. मला नोकरी टिकवायची होती, दुसरं काही कारण नाही.

रविवारी नरोलीला त्यांच्या खोलीवर गेले. पिशव्या बांधलेल्या होत्या. मला वाटलं चिडतील, पण त्यांनी पाणी दिलं. मी प्रेसचं सगळं सांगितलं, डोकं बिघडलेलं नाही म्हटलं. धीर द्यायला आलेल्याचं आजाऱ्यानं ऐकावं तसं त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्हीच लिखी दिधं ना ताई, मंग खरंच व्हई."

मग मी वहीच्या पानांवर गोल आणि चौकोन काढले. अहिराणीत सांगितलं, गोल दिसला की फक्त डावा हात गुडघ्यावर मारायचा, चौकोनाला फक्त उजवा, एका वेळी एकच. मी पानं भराभर उलटत गेले. ते एकदाही चुकले नाहीत.

हात गुडघ्यांवरच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले.

"मंग तठे मशीनमा असं का नही सांगं, ताई?"