झेंडूच्या ओळीतला पाचवा कार्बुरेटर

अमेरिकेत, ट्रॉयच्या आमच्या गॅरेजमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. खुर्ची टाकून बसलं की आपोआप साठतात. शाळा मी फारशी पाहिली नाही, तेव्हा आठवतं तसं लिहितो.

माझी नात सई इथेच जन्मली, इंजिनिअर झाली. तिनं एक जुनी मसल कार घेतली, दांडग्या इंजिनाची, तिच्या बापापेक्षाही वयानं मोठी. जुन्या गाड्यांच्या शोमध्ये न्यायची, तर कंपनीनं तेव्हा बसवलेलेच पार्ट लागतात. सगळे मिळाले, कार्बुरेटर तेवढा मिळेना. इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देतो तो.

*

पहिला ऑनलाइन मागवला. खोकं उघडल्याबरोबर सई म्हणाली, "आबा, राँग इयर."

"नुसतं बघून कळलं?"

"तुम्ही भेंडी मोडून बघता ना, तसंच."

*

असे चार आले, चारही चुकीचे. एकदा सून ओरडली, "माझ्या डिशवॉशरमध्ये कढईशेजारी हे काय आहे?"

"मॉम, इट्स क्लीन."

मीही म्हटलं, "कढईपेक्षा स्वच्छ निघालाय." दोन दिवस माझ्या चहात साखर नव्हती.

*

खरा सापडला वॉल्टरकडे. म्हातारा माझ्याच वयाचा. गाडी कधीच विकलेली, कार्बुरेटर मात्र टीव्हीशेजारी मांडलेला. "देणार नाही," म्हणाला. "लोक नेतात आणि पुढे विकतात."

सईनं आग्रह केला नाही. "गाडी बघायला तरी या," एवढंच म्हणाली.

*

तो आला नेमका खंडेनवमीला. मी गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा मांडलेली. पाने, जॅक आणि ते चारही कार्बुरेटर, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून.

"हे तर चुकीचे आहेत ना?" त्यानं विचारलं.

सई म्हणाली, "हो. पण आबा म्हणतात, त्यात त्यांचा काय दोष?"

वॉल्टर बाहेर गेला. ट्रकमधून फडक्यात गुंडाळलेला आपला कार्बुरेटर घेऊन आला, त्या ओळीत पाचवा ठेवला आणि मला म्हणाला, "यालाही लाव."

*

शोच्या दिवशी जज टॉर्च घेऊन इंजिनावर वाकला. सगळं ओरिजिनल, मान डोलवत होता. मग टॉर्च थांबला. कार्बुरेटरच्या कडेला कुंकवाचा ठिपका राहिला होता.

"हे फॅक्टरीतलं नाही," तो म्हणाला. "पुसा, पूर्ण मार्क देतो. नाहीतर एक पॉइंट कापावा लागेल."

मीच फडकं पुढे केलं. देवाची काही हरकत नसते.

सईनं ते घेतलं. नीट घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"टेक द पॉइंट ऑफ, सर."