ग्टी मंचोहा ल्टधक्क

उदगीरच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारी उज्वलाअक्का करणी करते, असं निम्म्या गल्लीला पक्कं ठाऊक आहे. वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर ती शिसपेनीनं मंत्र लिहिते. 'ग्टी मंचोहा ल्टधक्क.' शेजारच्या चांगुणाबाईंनी तो कागद डोळ्यांनी पाहिला आणि चौथ्या दिवशी त्यांची म्हैस आटली.

म्हैस म्हातारी होती. आणि तो मंत्र नव्हता. अक्का गुप्तलिपी सोडवत होती.

तिचे वडील व्यंकटराव पोलीस वायरलेसला होते. रविवारी अक्षरांची अदलाबदल करून ते तिला चिठ्ठी द्यायचे. सुटली तरच जिलबी. आधी मोज, मग वाच, एवढंच शिकवायचे. कुठलं अक्षर किती वेळा येतं, कशाशेजारी बसतं, ते मोजायचं. ती सवय अक्काच्या अंगात इतकी मुरली की गिऱ्हाइकानं कागद पुढे केला की तोंडून निघतंच, "मोजून सांगा."

मोजण्यासारखं तिच्याजवळ आणखीही होतं. बावीस ते तीस या वयात तिला अकरा स्थळं आली. चिवडा खाऊन, चहा पिऊन, 'कळवतो' म्हणून गेली. एकानंही कळवलं नाही. वडील त्याच घोरात गेले. आता धाकटी दामिनी सत्तावीसची झाली, आणि तिचीही तीन स्थळं तशीच परतली. चौथी मंडळी लातूरच्या वधू-वर मेळाव्यात भेटणार होती. दामिनी म्हणाली, अक्का, आता साडी नेसवत न्हाई गं. त्या वाक्यानं अक्काचं डोकं फिरलं. मध्ये कुणीतरी बोलत होतं, आणि ते कोण हे तिला मेळाव्याच्या आत हवं होतं.

स्थळं जुळवायचे दयानंदकाका. चष्मा कपाळावर, घशात कायमची खाकर. "हं, म्हणजे बघा, घराणं चांगलंय, पण..." या 'पण'वर ते वहीच्या एका ओळीवर बोट ठेवून गप्प बसायचे. उरलेलं समोरचा मनातच रंगवायचा. वही उघडी असली तरी कुणाला वाचता यायची नाही, कारण अक्षरं त्यांनी स्वतःच्या हिशेबानं बदललेली. त्याचा त्यांना लई अभिमान.

इतका, की वही फाटायला आली तेव्हा ते ती झेरॉक्सला थेट अक्काच्याच दुकानात ठेवून गेले. काकांना हव्या होत्या त्याहून एक प्रत अक्कानं जास्त काढली.

पहिले दोन दिवस काहीच लागेना. मग तिला दिसलं की प्रत्येक पानाच्या डोक्यावर तेच तीन शब्द आहेत. काकांच्या स्कूटरवर काय लिहिलंय? श्री खंडोबा प्रसन्न. पावतीवर? तेच. काका किराण्याची यादीसुद्धा त्याशिवाय सुरू करत नाहीत. लबाडी लिहितानाही देवाचं नाव आधी, फक्त तेही गुप्त करून. काना-मात्रा तर त्यांनी बदललेच नव्हते. आठ अक्षरं अक्काच्या पदरात आयती पडली. 'लधंव' म्हणजे 'पसंत' हे त्याच दुपारी सुटलं, आणि चौथ्या दिवशी तिच्या घराचं पान.

'थोरलीला फिट येतात. घराण्यात आहे.'

अक्काला जन्मात कधी फिट आली नव्हती. पानावरची तारीख मात्र तिच्या ओळखीची होती. वडिलांनी काकांच्या पुतण्याला नकार दिला, त्याच आठवड्यातली.

ती काकांकडे भांडायला गेली नाही. मेळाव्याच्या सकाळी लातूरच्या हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीवर एकेक कागद होता. वर काकांची अक्षरं, खाली खरी. मथळा: 'दयानंदकाकांची वही वाचायची रीत.'

काका माइकपाशी बसले. देगलूरच्या मलप्पांनी आपल्या मुलीचा नोंदणी नंबर सांगितला. काकांनी पान उघडलं, खाकरले, 'पण'वर बोट ठेवलं. मलप्पा वहीवर वाकून ती ओळ कागदाशी ताडत एकेक अक्षर लावत गेले आणि म्हणाले, माझी पोरगी तोतरी? वक्तृत्वात ढाल आणलीय तिनं. मग मागून खुर्च्या सरकल्या. काकांनी वही मिटायला घेतली, तर तिच्यावर सहा हात.

अक्का पुढे आली. "काका, पान बावीस. माइकवर वाचा."

"उज्वला, हं, म्हणजे बघा, पण..."

"बोट ठेवा आन् वाचा."

काकांनी वाचलं. आवाज फाटला तरी हॉलभर ऐकू गेला.

"खरं हाय का हे?"

"न्हाई."

"अजून एकदा. मागं माझी बहीण बसलीय."

"न्हाई, बाई. खोटं हाय."

चौथ्या स्थळाकडच्या मुलाची आई दुसऱ्याच दिवशी उदगीरला आली, काकांच्या 'पण'मुळं आमचा गैरसमज झाला म्हणाली. दामिनीनं चिवडा दिला, चहा दिला, गोड हसली आणि म्हणाली, "कळवते."

मी तिच्या दुकानातलं रोजचं गिऱ्हाईक, येता-जाता तिच्या बोलण्याची नक्कल करणारं; हे सगळं ऐकून मी अक्काशी पैज लावली. देवाचं नाव न घालता चिठ्ठी लिहीन, काना-मात्राही बदलीन. सुटली तर दसऱ्यापर्यंत तुझी नक्कल बंद. पानभर लिहिलं. तिनं मला समोर बसवूनच सोडवलं, जेमतेम तासाभरात. दोनच शब्दांची एक जोडी चार वेळा आली होती, आणि माझ्या चिठ्ठीत तिची नक्कल असणारच, हे तिला माहीत होतं.

"मोजून सांगा," ती म्हणाली.

दसऱ्याला अजून त्रेचाळीस दिवस आहेत.