रविवारचं हसू

आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या मुलीइतकं नीटनेटकं खोटं बोलणारं माणूस मी अख्ख्या नाशकात दुसरं पाहिलं नाही. मी यादी करून कामं उरकणारी बाई, त्यामुळे तयारीची कदर मला आहे. ही सायखेड्याची, इंजिनिअरिंगला इथे आलेली. पहिल्याच आठवड्यात वर्गात ती ‘लय अवघड हाय’ म्हणाली आणि सगळे हसले. तेव्हापासून ‘आहे’ हा शब्द ती रस्त्यात साचलेलं पाणी ओलांडावं तसा जपून उच्चारायची. फ्रिजवरची माझी किराण्याची यादी काढून बातम्यांसारखी वाचायची, “गूळ एक किलो आहे. शेंगदाणे अर्धा किलो आहेत.”

“अगं, आहेत कुठे? आणायचेत!”

“सराव चाललाय, काकू. मधे बोलू नका.”

आमच्याकडे बोलता बोलता तिची जीभ छान वळली. कॉलेजात मात्र तिनं तोंडच उघडलं नाही. चुकायला नको म्हणून बोलायला नको, आणि न बोलणाऱ्याला मैत्रिणी कुठून मिळणार? पण सायखेड्यात आईला वाटत होतं, लेक मैत्रिणींच्या गराड्यात आहे. ते तसंच वाटत राहावं म्हणून रविवारी व्हिडिओ कॉलच्या आधी ती खाली येऊन आम्हाला कामं वाटून द्यायची. “काकू, तुम्ही स्वयंपाकघरातून हसायचं. काका, तुम्ही नको, तुमचं हसू खोकल्यासारखं येतं. तुम्ही ताटं वाजवा.” मी आधी बारीक हसायचे, मग खिदळायचे, मग तोंडावर ओढणी धरून तिसरीच कुणीतरी व्हायचे. “कोण हसतंय गं?” आई विचारायची. “मैत्रिणी हायेत. अभ्यासाला आल्यात.” आईचा आवाज लगेच सैलावायचा. “मधलं हसू भारी होतं, काकू,” असं म्हणून ही वर जायची, ती संध्याकाळपर्यंत दार बंद. जेवायला हाक मारली तर भूक नसायची. परीक्षा जवळ आली असेल, असं आम्ही म्हणायचो. आमचं सोंग इतकं चांगलं वठायला नको होतं.

दिवाळीनंतर आई न कळवता आली. हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा भला मोठा डबा. “पोरींसाठी आणलेत. कुठं गेल्या सगळ्या?” हिनं डबा हातात घेतला. वेळ मारून न्यायला मी हसले. आई माझ्याकडे वळली. “ताई, रविवारी हसायच्या त्या तुमीच व्हय?”

मी मान डोलावली. मग पोरगी डबा छातीशी धरून रडायला लागली. “आई, मला हितं कोणीच नाय गं. सकाळी उठावंसंच वाटत नाय.”

“येडे,” आई म्हणाली, “रडली असतीस तर मी काय फोन ठेवला असता?”

ती वर्ष सोडून घरी गेली. मी चौकशी करून इथल्या एका समुपदेशक बाईंची गाठ घालून दिली, त्यांच्याकडे ती एसटीनं येते. परत कॉलेजला येईल की नाही, तिलाच अजून ठाऊक नाही.

आता रविवारी ती मला फोन करते. कधी म्हणते, “आज बरं हाय, काकू.” कधी, “आज नाय बरं.” दोन्ही तितक्याच सरळ आवाजात. ‘खोली भाड्याने देणे’ हे काम मी यादीत लिहिते आणि खोडते. तिनं फोन ठेवला की घर फार शांत होतं. परवा आमचे हे उठून स्वयंपाकघरात गेले, उगीचच एक ताट वाजवलं, आणि परत येऊन बसले.